डिझेलने धुतलेले ब्रेक

माझं जे काही बरं झालं, त्याबद्दल मी सर्वांत जास्त कुणाचं देणं लागत असेन तर माझ्या हायस्कूलच्या गणिताच्या बाईंचं. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या कारंजा गावात नुसतं ‘गणिताच्या बाई’ म्हटलं तरी लोक त्यांचंच घर दाखवतात. दहावीनंतर विज्ञान शाखेचा फॉर्म त्यांनी मला समोर बसवून भरून घेतला. बारावीनंतर एसटीने माझ्यासोबत अमरावतीला आल्या, कॉलेजच्या खिडकीपुढे दोन तास उभ्या राहिल्या आणि वसतिगृहातल्या माझ्या खोलीची कडी नीट लागते ना, ते स्वतः लावून पाहूनच परतल्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आईवडिलांना अमरावती ठाऊक होती ती मोठ्या दवाखान्यापुरती. आज मी तालुक्यातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. विहारामागच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापासून तिथवरच्या वाटेत प्रत्येक वळणावर बाई कुठे ना कुठे उभ्या होत्या.

आठवीत असताना त्यांच्या घरी शिकवणीला पहिल्यांदा निघालो, तेव्हा आईने दारातच बजावलं होतं, “तिथं कायलेच हात लावू नको. फुटलं-तुटलं त आपून कुठून आणून देऊ?” बाईंनी काचेच्या कपात चहा दिला. मी तो कप दोन्ही हातांनी असा धरून बसलो की चहा थंड झाला तरी ओठाला लावला नाही. दुसऱ्याच्या वस्तूची अशी भीती माझ्या अंगात लहानपणीच शिरली आणि पगारी माणूस झाल्यावरही ती गेली नाही.

त्या घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी होती. बाईंच्या यजमानांची. ते सरकारी खात्यात इंजिनीअर होते, आम्ही मुलं त्यांना काका म्हणायचो. ही गाडी त्यांनी पुण्याहून जुनीच आणलेली. लाल, दोनच माणसांची, टप मागे दुमडणारी, आणि इतकी बुटकी की आत बसलं म्हणजे बैलगाडीचं चाक खालून वर बघावं लागे. असली गाडी आमच्या जिल्ह्यात मी दुसरी पाहिली नाही. काका वारले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली, ती अकरा वर्षं तिथेच होती.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाईंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, “ती गाडी सुरू होईल का रे?”

इतक्या वर्षांत बाईंनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. त्यामुळे विचार करायच्या आधीच मी ‘होईल’ म्हणून बसलो. शेतातलं डिझेल इंजिन, फवारणीचा पंप, मोटरसायकल हे सगळं मी वडिलांसोबत लहानपणापासून खोलत आलो होतो. वर बी.एस्सी. झालेलो. मला वाटलं, गाडी म्हणजे याचंच जरा मोठं प्रकरण.

मग त्यांनी कारण सांगितलं. मुलगा पुण्याला असतो. दर सणाला फोनवर एकच धोशा, की आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. बाई हसून म्हणाल्या, “मी त्याला सांगून ठेवलंय, मला गाडी चालवता येते तोवर मी इथेच. माझी छोटी गाडी तर त्याने मागच्या वर्षी विकायला लावली, जुनी झाली म्हणून. आता ही राहिली. ही चालली, की माझं म्हणणं खरं.”

हसत बोलल्या, पण मला त्यातलं सगळं कळलं. त्या गाडीच्या चार चाकांवर बाईंचं कारंज्यातलं राहणं उभं होतं. आणि ती चाकं त्यांनी माझ्या हाती दिली होती. 

मे महिन्यात शेडमध्ये पाय ठेवला की पत्रा डोक्यावर तापलेला असायचा. ताडपत्री काढली तर सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, पुढच्या दिव्यात गांधीलमाश्यांचं पोळं, आणि वायरी जागोजागी कुरतडलेल्या. पेट्रोलच्या टाकीतून रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास आला. इंजिन हाताने फिरेना. प्लग काढून त्या भोकांतून मी तेल सोडलं आणि आठवडाभर वाट पाहिली. रोज सकाळी जाऊन पाना लावायचो, आणि तो हलला नाही की वाटायचं, आता बाईंना जाऊन काय सांगू? नवव्या दिवशी पाना जरासा हलला. मी तिथेच विटांवर बसलो. 

मला मदत होती ती बसस्टँडमागच्या मिस्त्रीची. साठीच्या पुढचा माणूस, हयात ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांत गेलेली. गावातले सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी कार्बोरेटर पिशवीत घालून घेऊन गेलो की ते तोंडातली सुपारी एका गालात सरकवून म्हणायचे, “या मास्तर. आज काय मोडलं?”

“मोडलं नाही चाचा, साफ कराचं हाये.”

“बीएस्सीवाले कार्बोरेटर साफ करून राह्यले. मंग आमी काय खडू धराव का हातात?”

पण शिकवायचे. ती गाडी त्यांनी एकदा येऊन पाहिली, चारी बाजूंनी फिरले, आणि बाईंना म्हणाले, “मॅडम, ही गाडी उभी हाये का बसून राह्यली?” बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. जाताना मात्र चाचांनी मला फाटकाशी थांबवलं. “इंजिन तू कर, वायरिंग कर. ब्रेकचं काम माह्याकडे आन. इंजिन नाही चाललं त मॅडम घरीच राह्यतीन. ब्रेकचं तसं नसते.”

मी हो म्हणालो होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही.

शाळा सुरू झाल्यावर काम रविवारचं राहिलं. टपाचं कापड ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं. एकदा गाडीखाली झोपून सायलेन्सर बांधत होतो. गाडी जॅकवर आणि बाभळीच्या ओंडक्यावर टेकवलेली. ओंडका जरा सरकला, गाडी चार बोटं खाली आली आणि माझ्या छातीच्या अगदी वर थांबली.  बाहेर बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या, काहीतरी गुणगुणत होत्या. मी इंच इंच सरकत बाहेर आलो. त्यांना सांगितलं नाही. त्यांनी काम थांबवलं असतं.

इंजिन गणपतीच्या दिवसांत सुरू झालं. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “धूर फार आहे.” उरले ते ब्रेक. पण तोवर सोयाबीनची काढणी आली, आणि चाचांच्या दुकानासमोर ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांची रांग लागली. त्यांनी दोनदा सांगितलं, “दिवाळी होऊ दे, मंग करतो.” दिवाळीची सुट्टी माझी होती. बाई रोज विचारत नव्हत्या, पण मी गेलो की शेडकडे बघायच्या. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात हेही होतं, की सगळी गाडी मी केली, मग शेवटचं काम दुसऱ्याने का करावं?

मी ब्रेक स्वतः खोलले.

पायाने ब्रेक दाबला की एका नळकांड्यातलं तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांपर्यंत ढकललं जातं. त्या नळकांड्यात आणि चाकांपाशी रबराच्या छोट्या वाट्या असतात. त्या तेल अडवतात, तेल अडलं की जोर लागतो. एवढं मला येत होतं. वर्गात शिकवतोच मी ते. जुनी रबरं दगडासारखी झाली होती. चाचांनीच मापाची नवी दिली होती, एका जीपगाडीची, पण तंतोतंत बसणारी. नळ्यांत मात्र अकरा वर्षांचा काळा गाळ होता.

आमच्याकडे शेतावर लोखंडाची कोणतीही वस्तू खोलली की ती डिझेलने धुतात. पंपाचे व्हॉल्व्ह, इंजिनाचे पिस्टन, सायकलची साखळीसुद्धा. माझ्या वडिलांनी तसंच केलं, त्यांच्या वडिलांनी तसंच केलं असेल. मला दुसरं काही सुचलंच नाही. फवारणीचा पंप घरून आणला, धुतला, त्यात डिझेल भरलं आणि त्याची नळी लावून ब्रेकच्या सगळ्या नळ्यांतून डिझेल सोडलं. काळं पाणी आलं, मग लालसर, मग स्वच्छ. नवी रबरंही वाटीत डिझेल घेऊन हलवून काढली, फडक्याने पुसली आणि बसवली. सायकलच्या पंपाने नळ्यांत हवा मारली. ब्रेकचं तेल भरलं. बाई आत बसून पायडल दाबत होत्या, मी खाली चाकापाशी हवा काढत होतो. “दाबा... सोडा... दाबा.” त्या हसून म्हणाल्या, “आज तू मास्तर.”

हे सोमवारी झालं. बुधवारी सकाळी आम्ही दोघं गाडी बायपासला घेऊन गेलो. ब्रेक सुंदर लागला. मी दहा वेळा लावायला लावला, दहाही वेळा लागला. परतताना बाई म्हणाल्या, “आता धनजला जाऊन येईन एकदा. मोठी बहीण आहे तिथे.” मी म्हणालो, सोबत जाऊ. त्या म्हणाल्या, “बघू.” किल्ली त्यांच्याकडे राहिली.

रविवारी सकाळी मी चाचांची पकड आणि नळ्यांचा पाना परत द्यायला गेलो. ट्रॅक्टरचं चाक उघडून बसले होते. मी फुशारकीने सांगितलं, ब्रेक झाले, मीच केले.

“तू केले?” त्यांनी मान वर केली. “नळ्या कायनं साफ केल्या?”

“डिझेलनं. पंपानं मारलं चाचा, एकदम चकाचक.”

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. “अन् रबर?”

“रबर बी धुतले.”

ते उठले, आत गेले आणि पत्र्याच्या डब्यातून एक रबर काढून माझ्या हातावर ठेवलं. फुगलेलं, मऊ, भिजवलेल्या चण्यासारखं. “हे कोनाच्या तरी जीपगाडीतून निघालं होतं. त्यानंबी डिझेलनंच धुतलं. पैले दोन-तीन दिवस मस्त चालते. मंग रबर फुगते, तेल मांगं येत नाही. ब्रेक आपोआप लागून राह्यते, चाक तापते, तेल उकळते. अन् मंग पायडल खाली जाते, रिकामंच.” मग त्यांनी विचारलं, “गाडी कुठं हाये?”

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मोटरसायकल काढून बाईंच्या घरी गेलो तर शेड उघडी, ताडपत्री नीट घडी घालून ठेवलेली. शेजारच्या काकू गच्चीवरून म्हणाल्या, “त्या त धनजले गेल्या ना, अर्धा-पाऊण तास झाला. टप उघडा टाकून गेल्या, काय सांगू तुले, एकदम हिरोइनसारख्या.”

त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट मला बाईंवर येणारी दिसली. सोयाबीनची पोती लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध. कडेला थांबलेलं मळणीयंत्र, त्याचा भुसा रस्त्यावर पसरलेला, त्यावरून चाक घसरणार. एसटी समोरून आली तर मी तिच्या पुढच्या काचेकडे, बंपरकडे बघितलं, कुठे लाल रंग लागलाय का. प्रत्येक वळणावर आधी गर्दी दिसते का ते बघायचो. गर्दी दिसली नाही की जीव खाली यायचा, आणि पुढचं वळण आलं की पुन्हा वर. मी मोठ्याने बोलत होतो, हे मला नंतर लक्षात आलं. “हळू चालवा बाई, हळू चालवा बाई,” एवढंच.

अर्ध्या वाटेत पंक्चरच्या टपरीपाशी रस्त्यावर ओलं दिसलं. मी थांबलो. टपरीवाल्याला विचारलं, लाल गाडी गेली का.

“गेली ना. इथंच थांबली होती. समोरच्या दोन्ही चाकांतून धूर. मी म्हणलं, आजी, हँडब्रेक लावून चालवून राह्यल्या का? तर मलेच म्हणे, मी गणित शिकवलं चाळीस वर्षं, मले हँडब्रेक समजते. मंग पाणी मारलं चाकावर, चहा पेल्या, अर्धा तास बसल्या. चाकं थंडी झाली, मोकळी झाली, गेल्या.”

“कधी गेल्या?”

“आत्ताच. दहा मिनिटं.”

मी खिशातला फोन काढला. बाईंचा एक कॉल येऊन गेला होता, मी मोटरसायकलवर असताना. आधी फोन गाडीतच राहिला असेल; टपरीवरून निघताना त्यांनी मलाच विचारायला लावला असणार. मी उचलला असता तर ‘पुढे जाऊ नका’ एवढे तीन शब्द पुरले असते. मी लावला, वाजला, कुणी उचलला नाही. टपरीवाला म्हणाला, “काय झालं? तुमच्या कोन लागतात?” मी मोटरसायकलला किक मारली.

नाल्याकडे उतरणारा एक उतार आहे. तो लांबून दिसला आणि खाली माणसं दिसली. मोटरसायकल कशी उभी केली, स्टँडवर की नुसती टाकली, आठवत नाही. उताराच्या तळाशी एक ट्रॉली उभी होती, आणि तिच्या अलीकडे रस्त्याच्या कडेची उथळ नाली ओलांडून लाल गाडी तुरीत घुसली होती. पाठमोरी, एक दार उघडं. आत कुणी नव्हतं.

मग बायकांच्या घोळक्यातून बाईंचा आवाज आला, “अरे, तू कसा काय आलास?”

त्या बांधावर बसल्या होत्या. सोंगणीच्या बायकांनी त्यांचा उजवा हात ओढणीत बांधून गळ्यात अडकवला होता. मनगट सुजून निळं झालेलं. कपाळावर थोडं रक्त. एक म्हातारी मजूर बाई त्यांना पाणी पाजत होती आणि बोलत होती, “वावरात जायची एवढी घाई होती त सांगाचं ना मास्तरीनबाई, विळा दिला असता. मालकाची तूर आडवी केली तुमी.”

“मालकाला म्हणावं, एका वाफ्याचं क्षेत्रफळ काढून ठेव,” बाई म्हणाल्या आणि हसताना कळवळल्या.

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. काय झालं, ते त्यांनी सांगितलं. उतारावर ट्रॉली उभी दिसली, तिच्यात बायका चढत होत्या. ब्रेक दाबला. “आणि पाय घसरला रे माझा. पायडलवरून सरळ खाली गेला. लागलंच नाही काही पायाला. मग हँडब्रेक ओढला आणि गाडी तुरीत घातली.” त्या आपल्या चपलेकडे बघत होत्या. “अडुसष्ट चालू आहे मला. मुलगा म्हणतो ते काही अगदीच खोटं नाही.”

पाय घसरला नव्हता. पायडल रिकामं खाली गेलं होतं. चाचांनी तासाभरापूर्वी मला जे सांगितलं, अगदी तसंच. त्या बांधावर ते मला एकट्याला ठाऊक होतं.

मी म्हणालो, “होतं बाई असं कधी कधी.”

एवढंच. हे पाच शब्द मी उच्चारले आणि मग त्यांना मागे घेता येईना. कारंज्याच्या दवाखान्यात नेलं, हाताचा फोटो काढला, मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर झालं. संध्याकाळपर्यंत मुलगा निघाल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तो बाईंना घेऊन पुण्याला गेला. मला म्हणाला, “तू इतकी मेहनत घेतलीस, आई सांगत होती. पण तिने चालवायला नको होती रे. आता तिला परत एकटं ठेवणार नाही. घराचं बघतो काहीतरी.” त्याने माझा हात हातात घेतला. त्याचे डोळे खरंच भरले होते. मी मान हलवली.

गाडी चाचांनी ट्रॅक्टरने ओढून आपल्या दुकानात आणली. आम्ही दोघांनी मिळून ब्रेक उघडले. मुख्य नळकांड्यातलं रबर बाहेर निघेना, इतकं फुगलेलं. चाचांनी ते चिमट्याने ओढून काढलं आणि फडक्यावर ठेवलं.  

मग म्हणाले, “कोनाले सांगू नको. मॅडमले काय समजते यातलं? गाडी जुनी हाये, जुनी गाडी लात मारतेच. जीव वाचला ना. तू कायले आपल्या अंगावर घेतं?”

“त्यायले वाटते चाचा, त्यायचा पाय घसरला.”

“वाटू दे. वय झालं त पाय घसरतेच.”

ते माझ्या भल्यासाठी बोलत होते. मी त्यांचं ऐकलं असतं. खरं तर मी ऐकलंच, बारा दिवस. शाळा सुरू झाली. वर्गात दाबाचा धडा आला तो मी पुढे ढकलला. पुण्याला तीनदा फोन केला. बाईंचा आवाज दर वेळी जरा जास्त शांत होत गेला होता. पहिल्यांदा म्हणाल्या, हात दुखतो. दुसऱ्यांदा म्हणाल्या, इथे लिफ्ट आहे, बरं असतं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “माझी पुस्तकं शाळेला देऊन टाक. तुझ्याकडे किल्ली आहेच. आता मला त्यांचं काय काम?” मागून नातीचा आवाज येत होता. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, “औषधं घेता ना वेळेवर?”

फोन ठेवल्यावर मला कळलं की आता एक एक दिवस जातोय तो माझ्या गप्प राहण्याने जातोय. पुस्तकं गेली की घर जाईल. भीती तर होतीच. बाई मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, मुलगा काय बोलेल, गावात काय होईल, शाळेत काय होईल, ही सगळी होती. ती काही कमी झाली नाही. मोबाइलवर लिहायला घेतलं तर तीन वेळा लिहून पुसलं. शेवटी मधल्या सुट्टीत शाळेच्या प्रयोगशाळेत बसून कागदावर लिहिलं, आणि पुसता येऊ नये म्हणून तसाच पोस्टात जाऊन टाकलं. ते पत्र असं होतं.

आदरणीय बाई,

हात कसा आहे? तुम्हाला डाव्या हाताने पत्र उघडावं लागेल, म्हणून पाकीट जास्त चिकटवलेलं नाही.

फोनवर मी तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा जमलं नाही, म्हणून लिहितो. तुमचा पाय घसरला नव्हता. उतारावर तुम्ही ब्रेक दाबला तेव्हा पाय बरोबर जागेवर होता. ब्रेकच नव्हता. तो मी घालवला होता.

ब्रेकच्या नळ्या आणि नवी रबरं मी डिझेलने धुतली. शेतावर आम्ही सगळं तसंच धुतो. ब्रेकच्या रबराला डिझेल चालत नाही, हे मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. चाचांनी ब्रेकचं काम त्यांच्याकडे आणायला आधीच सांगितलं होतं. डिझेलने रबर दोन-चार दिवसांत फुगतं. म्हणून बुधवारी ब्रेक लागला आणि रविवारी चाकं जाम झाली, धूर आला. टपरीवर गार झाल्यावर ती सुटली, म्हणून तुम्ही पुढे गेलात, त्यात तुमची काही चूक नाही. पुढे ती पुन्हा तापली, तेल उकळलं आणि पायडल रिकामं झालं. पायाला काही लागलंच नाही, असं तुम्ही बांधावर म्हणालात. ते अगदी खरं होतं.

हे सगळं मला त्या वेळी बांधावर बसल्या बसल्या माहीत होतं. सकाळीच कळलं होतं, म्हणूनच मी तुमच्या मागे आलो होतो. तरी मी ‘होतं असं’ म्हणालो. चुकीपेक्षा मला याची जास्त लाज वाटते. मी घाबरलो होतो, अजूनही आहे. तुम्ही हे वाचून मला काय म्हणाल, ते मला सुचत नाही.

सोबत दोन रबरं पाठवतो आहे. एक तुमच्या गाडीतून निघालेलं आणि एक त्याच मापाचं कोरं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, दोन्ही शेजारी ठेवून मोजा. मुलालाही दाखवा आणि हे पत्र त्याला वाचायला द्या. तो मला जे बोलेल ते मी ऐकेन.

ब्रेक रिकामा गेल्यावर तुम्ही हँडब्रेक ओढला, बायका भरलेली ट्रॉली चुकवली आणि गाडी तुरीत घातली. एवढ्याशा वेळात. मला ते जमलं नसतं.

पुस्तकं अजून कपाटातच आहेत. मी ती हलवलेली नाहीत आणि तुमचं उत्तर येईपर्यंत हलवणार नाही. पुण्यात राहायचं की कारंज्यात, ते तुम्ही ठरवा. तिथे बरं वाटत असेल तर राहा. पण त्या उतारावरून ठरवू नका.

आपला विद्यार्थी